रात्रपाळीला किती जण असतात?

वृद्धाश्रमाच्या प्रवेशअर्जात एक अट बहुतेक ठरलेली असते. अर्जदार हिंडता-फिरता असावा, स्वतःचं स्वतः करणारा असावा, त्याला संसर्गजन्य किंवा मानसिक आजार नसावा. शब्द बदलतात, अट तीच. ती गैर आहे असं म्हणता येत नाही, कारण आश्रमाची सगळी घडणच चालत्या माणसासाठी असते. सकाळी प्रार्थना, पंगतीत जेवण, संध्याकाळी अंगणात फेरी. पण माणूस बाथरूममध्ये घसरतो, खुबा मोडतो. कुणाला पक्षाघात होतो, कुणाला स्वतःच्या मुलाचं नाव आठवेनासं होतं. रुग्णालय काही दिवसांत डिस्चार्ज देऊन मोकळं होतं. घरी नवरा-बायको दोघंही नोकरीला, किंवा दोन्ही मुलं परदेशात. मग शोध सुरू होतो तिसऱ्याच प्रकारच्या जागेचा, जी ना आश्रम आहे, ना रुग्णालय.

पुण्याच्या उपनगरांत, ठाणे-पनवेलच्या पट्ट्यात, नाशिकला, नागपूरला अशा जागा गेल्या वीसेक वर्षांत भराभर उगवल्या. भाड्याचा बंगला किंवा इमारतीचे दोन मजले, पंधरा-वीस खाटा, दारावर ‘केअर सेंटर’ किंवा ‘एल्डर केअर होम’ अशी पाटी. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचं छोटं रुग्णालय, म्हणून या जागांना इथे शुश्रूषा केंद्र म्हणू. अमेरिकेत ज्याला नर्सिंग होम म्हणतात त्याच्या जवळ जाणारी हीच जागा. तिची गरज वाढतच जाणार आहे. 2011च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं 10 कोटींवर होती, एकट्या महाराष्ट्रात सुमारे 1 कोटी 10 लाख. स्मृतिभ्रंशाच्या देशव्यापी पाहणीवरून 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज 88 लाख रुग्णांचा आहे. घरात सांभाळणारे हात कमी होत चाललेत हे सांगायला पाहणीची गरज नाही.

प्रश्न साधा आहे: अशी जागा चांगली आणि सुरक्षित आहे की नाही, हे ठरवायचं कसं? नातेवाईक येतात, फरशी पाहतात, बागेतला झोपाळा पाहतात, चालकाशी बोलतात, डिपॉझिट भरतात. यातलं काहीच निरुपयोगी नाही, पण आईचे पुढचे महिने कसे जाणार ते यातून कळत नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण ‘सरकारमान्य आहे ना?’ हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो. उत्तर गोंधळाचं आहे. 1949चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करणाऱ्या जागांना लागू होतो. दुर्बल म्हटल्यावर अंथरुणाला खिळलेल्या आजी त्यात बसायला हव्यात. पण कायद्याला उपचारही हवेत आणि शुश्रूषाही; आणि केंद्रचालकाला म्हणता येतं, आम्ही उपचार करतच नाही, डॉक्टर बाहेरून येतात, आम्ही फक्त सांभाळतो. 2021 मध्ये या कायद्याचे नियम सुधारले, त्यांत रुग्णहक्कांची सनद लावणं, दरपत्रक लावणं, तक्रार निवारणाची सोय हे सगळं आलं. मात्र ते नोंदलेल्या नर्सिंग होमपुरतं. जे नोंदलंच नाही त्याच्या भिंतीवर सनद कोण लावणार?

दुसरा कायदा 2007चा, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा. मुलांकडून पोटगी मिळवून देणारा म्हणून तो लोकांना माहीत आहे. त्याच्या कलम 19 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय असलेला वृद्धाश्रम राज्य सरकार स्थापन ‘करू शकेल’ असं म्हटलंय. त्या क्रियापदाने सरकारची बरीच सोय केली आहे. खासगी केंद्रांच्या दर्जाबद्दल कायदा जवळपास गप्प आहे. ती उणीव भरून काढणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. त्यात ज्येष्ठांच्या निवासगृहांची आणि घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी, किमान दर्जा, तपासणी असं सगळं होतं. ते स्थायी समितीकडे गेलं, सतरावी लोकसभा संपली आणि विधेयकही तिच्यासोबत संपलं.

स्मृतिभ्रंशाचे किंवा अन्य मानसिक आजाराचे रुग्ण ठेवणाऱ्या जागेला 2017चा मानसिक आरोग्यसेवा कायदा लागू होऊ शकतो आणि त्या कायद्याला दात आहेत, त्याबद्दल पुढे बोलू. एरवी अनेक केंद्रं दुकानासारखी गुमास्ता नोंदणी किंवा ट्रस्टची नोंदणी दाखवून चालतात. ती नोंदणी खरी असते. पण तिचा पाठीवरच्या जखमेशी काही संबंध नसतो.

आगीचं मात्र तसं नाही, तिथे कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्राच्या 2006च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा वापर करणाऱ्याने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. एकट्या 2021 सालात महाराष्ट्राने भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळं गमावली, विरारला आणि नगरला अतिदक्षता विभागांतले रुग्ण गमावले. आणि 1 जानेवारी 2023च्या पहाटे दक्षिण दिल्लीत ग्रेटर कैलाशमधल्या ज्येष्ठांच्या केंद्राला आग लागून दोन वृद्ध महिला गेल्या. या सगळ्यांतलं साम्य एकच: आत असलेल्यांना उठून पळता येत नव्हतं. म्हणून केंद्रात अग्निशामक नळकांडी आहेत का यापेक्षा मोठा प्रश्न हा की चालता न येणारी माणसं कोणत्या मजल्यावर ठेवली आहेत. तिसऱ्या मजल्यावर आठ खिळलेले आणि जिना एक, हे गणित नळकांड्याने सुटत नाही. रात्री लोखंडी जाळीच्या दाराला कुलूप असतं का, किल्ली कुणाकडे असते, तेही विचारावं. स्मृतिभ्रंशाची माणसं बाहेर पडू नयेत म्हणून कुलूप लागतं, हे खरं. पण किल्ली चालकाच्या घरी असेल तर ते कुलूप त्यांच्या रक्षणाचं राहिलेलं नसतं.

वीज हा आपल्या लक्षात न येणारा भाग. फ्लोरिडातल्या हॉलिवूड हिल्स इथे सप्टेंबर 2017 मध्ये इर्मा वादळाने वातानुकूलन बंद पडलं आणि एका नर्सिंग होममधले बारा वृद्ध उष्णतेमुळे दगावले. रस्त्यापलीकडे रुग्णालय होतं. त्यानंतर त्या राज्याने चार दिवस थंडावा टिकेल एवढा जनरेटर आणि इंधन सक्तीचं केलं. आपल्याकडे वातानुकूलनाची गोष्ट दूर. पण बेडसोर होऊ नये म्हणून घातलेली हवेची गादी विजेच्या पंपावर चालते, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विजेवर, घशातला कफ ओढायचं सक्शन विजेवर. इन्व्हर्टरवर यातलं काय जोडलंय आणि काय नाही, हे एका वाक्यात सांगता न येणाऱ्या चालकाबाबत सावध राहावं.

आता मूळ प्रश्नाकडे. दर्जा मोजायचा कसा, यावर सर्वांत जास्त डोकं अमेरिकेने खाजवलंय, कारण तिथे सर्वांत जास्त गैरप्रकार उघडकीला आले आणि पैसा सरकारी होता. 1965 मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी आरोग्य योजना आल्यावर नर्सिंग होमचा धंदा फुगला. पुढची वीस वर्षं घोटाळे, चौकश्या, पुस्तकं यांत गेली. 1986 मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने अहवाल दिला आणि 1987च्या अखेरीस संसदेने नर्सिंग होम सुधारणा कायदा केला. आजही तो या विषयातला पाया आहे. पूर्वसूचना न देता तपासणी, आणि दोन तपासण्यांत पंधरा महिन्यांहून जास्त अंतर नाही. मदतनिसाला किमान 75 तासांचं प्रशिक्षण. प्रत्येक निवासीची ठरलेल्या नमुन्यात नियमित तपासणी. शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कुणालाही बांधायचं नाही किंवा औषधाने गुंगवायचं नाही. त्या काळी तिथे म्हाताऱ्या माणसांना पट्ट्यांनी खुर्चीला बांधणं हे रोजचं होतं. ते झपाट्याने कमी झालं, आणि बांधणं थांबल्यामुळे गंभीर इजा वाढल्या नाहीत, हेही त्यानिमित्ताने दिसलं.

1998 मध्ये माहिती लोकांसमोर ठेवायला सुरुवात झाली आणि डिसेंबर 2008 मध्ये तारे आले: हॉटेलसारखे एक ते पाच. तपासणीचे निष्कर्ष, कर्मचाऱ्यांची संख्या आणि निवासींच्या प्रकृतीचे निर्देशक अशा तीन गोष्टींवरून तारे ठरत. कल्पना सुंदर होती. अडचण अशी की तीनपैकी दोन गोष्टींची माहिती नर्सिंग होम स्वतःच देत असे. 2014 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवलं की पाच तारे मिरवणाऱ्या ठिकाणीही गंभीर हयगयीच्या तक्रारी होत्या. मग सरकारने कर्मचारी मोजायची पद्धतच बदलली: तुमचं म्हणणं नको, पगारपत्रक दाखवा. ती माहिती ताऱ्यांत धरायला 2018 मध्ये सुरुवात झाली आणि त्याच वर्षी सुमारे 1,400 नर्सिंग होमचा कर्मचारी-तारा एकवर आला, कारण पात्र परिचारिकेविना गेलेले दिवस पगारपत्रकात लपत नव्हते. शनिवार-रविवारी माणसं गळतात, आणि तपासणीच्या आसपासच्या दिवसांत अचानक वाढतात, हेही संशोधकांनी त्याच पगारपत्रकांतून काढून दाखवलं. पूर्वसूचना नसलेल्या तपासणीचा वास त्यांना कसा लागत होता, हे ज्याचं त्याने ठरवावं.

औषधांची गोष्ट आणखी बोलकी आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला मनोविकाराची भारी औषधं दिली तर मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने 2005 मध्येच दिला होता. 2011च्या अखेरीस दीर्घकाळ राहणाऱ्या निवासींपैकी सुमारे 24 टक्के लोकांना ही औषधं चालू होती. प्रमाण जाहीर व्हायला लागलं, तसं ते घसरत गेलं. पण स्किझोफ्रेनियाचे रुग्ण या मोजणीतून वगळलेले होते. आणि नव्वदीतल्या माणसांना नव्यानेच स्किझोफ्रेनिया होऊ लागला! 2021 मध्ये पत्रकारांनीच ते बाहेर काढलं.

जर्मनीने 2009 मध्ये शाळेसारखे गुण द्यायला सुरुवात केली. तिथे 1 म्हणजे सर्वोत्तम. थोड्याच वर्षांत देशाची सरासरी 1.2च्या आसपास पोचली. जेवणाची माहिती मोठ्या अक्षरांत लावली की मिळालेले गुण जखमेच्या काळजीत गेलेले गुण भरून काढत. लोक हसू लागले. 2019 मध्ये ती पद्धत बंद करून नवी आणावी लागली. इंग्लंडची नियामक संस्था ‘सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, माया आहे का, माणसाच्या गरजेला प्रतिसाद देते का, नेतृत्व धड आहे का’ असे पाच प्रश्न विचारते. प्रश्न उत्तम आहेत, पण 2024च्या स्वतंत्र चौकशीत त्या संस्थेचंच काम बिघडल्याचं, अनेक ठिकाणांचं मूल्यमापन वर्षानुवर्षं शिळं राहिल्याचं निघालं.

या सगळ्यातून मला जे दिसतं ते असं. संस्थेने स्वतः भरून दिलेली कुठलीही माहिती हळूहळू चकचकीत होत जाते. दोन गोष्टी मात्र चकचकीत करणं अवघड जातं: किती माणसांना पगार दिला, आणि निवासीच्या शरीरावर काय दिसतं. आढावा कितीही लांबवला तरी मी येऊन थांबतो तो या दोनांपाशी.

शरीरापासून सुरुवात करू. बेडसोर हा शुश्रूषेचा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार. माकडहाड, टाचा, खुब्याची बाजू, कोपर, डोक्याची मागची बाजू अशा हाडाच्या टोकांवर दाब राहिला की त्वचेचा रक्तपुरवठा थांबतो. आधी लालसर डाग येतो, बोटाने दाबल्यावरही न जाणारा. तो पाहिला, कूस बदलली, त्वचा कोरडी ठेवली तर तिथेच थांबतो. नाही पाहिला तर साल जाते, मग खड्डा, मग हाड. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची हा जुना दंडक. चांगली गादी असेल तर अंतर थोडं वाढवता येतं, पण गादी कूस बदलत नाही. सगळे बेडसोर हयगयीने होतात असंही नाही. अखेरच्या दिवसांत, शरीर मिटत आलेलं असताना, उत्तम काळजी घेऊनही त्वचा फाटते. म्हणून विचारायचं ते ‘तुमच्याकडे बेडसोर होतात का’ असं नाही. त्याला उत्तर ‘अजिबात नाही’ असंच येणार, आणि ते खोटं असण्याची शक्यता बरीच. विचारायचं असं: आत्ता किती जणांना आहेत, त्यांतले किती इथे आल्यावर झाले, मोजमाप कुठे लिहिता? वही काढून दाखवणारं केंद्र आणि विषय बदलणारं केंद्र यांतला फरक लगेच कळतो.

दुसरी खूण वजन. महिन्याभरात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरलं तर ते गंभीर मानतात. पन्नास किलोच्या आजींचे अडीच किलो. भरवायला वेळ नसतो म्हणून वजन उतरतं, हे कारण सर्वांत जास्त आढळणारं आणि सर्वांत कमी कबूल केलं जाणारं. पक्षाघाताच्या रुग्णाला घास गिळायला वेळ लागतो, त्याला उठवून बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, छोट्या घासाने भरवावं लागतं. अर्धा तास सहज जातो. घाईत, आडवं ठेवून भरवलं की घास श्वासनळीत जातो आणि न्यूमोनिया होतो. पुढची पायरी नाकातून नळी. राईल्स ट्यूब अनेकांना खरोखर लागते. पण वीसपैकी दहा जणांना ती असेल तर भरवणाऱ्या हातांची टंचाई आहे की काय, अशी शंका घ्यायला हरकत नाही. कॅथेटरचंही तसंच. डायपर बदलायचा वेळ वाचतो, मूत्रमार्गाचा संसर्ग वाढतो. केंद्राने विचारलं नाही तरी आपण विचारावं: वजनकाटा कुठे आहे? खिळलेल्या माणसाचं वजन कसं करता? कित्येक ठिकाणी काटाच नसतो.

पडण्याबद्दल एक सावधगिरी. जिथे कुणीच कधी पडत नाही ती जागा सुरक्षित असेलच असं नाही. कदाचित तिथे कुणाला उठूच देत नसतील. चालणारा म्हातारा कधी तरी पडणार. पाहायचं ते पडल्यावर काय होतं: लिहून ठेवतात का, घरी तासाभरात कळवतात का, डोक्याला लागलं असेल तर रुग्णालयात नेतात का, आणि रात्रीची झोपेची गोळी, ओली फरशी, उंच पलंग यांतलं कारण शोधतात का.

बांधणं आपल्याकडे अजून उघड चालतं. ‘आजी नळी ओढतात म्हणून हात बांधलेत’ हे वाक्य रुग्णालयांतही ऐकू येतं, आणि नातेवाईक मान डोलावतात. जून 2025 मध्ये नोएडातल्या एका नोंदणी नसलेल्या आश्रमात महिला आयोगाने छापा घातला, तेव्हा कोंडलेली आणि बांधलेली म्हातारी माणसं सापडली. ते टोक झालं. पण मऊ कापडाने बांधलेला हात आणि दुपारीही गुंगीत असलेला निवासी ही त्याच रस्त्यावरची ठिकाणं आहेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा याबाबत कडक आहे: साखळदंडाला पूर्ण बंदी, आणि शरीर जखडायचं तर तातडीचा धोका टाळायचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, नोंद करून. कायदा केंद्राला लागू आहे की नाही याचा वाद बाजूला ठेवून एवढी कसोटी कुठेही लावता येते. दुपारी चार वाजता जावं. किती जण जागे आहेत?

आता माणसांची मोजणी. बेडसोर, वजन, नळी, बांधणं हे सगळं फिरून इथेच येतं. समजा एका केंद्रात वीस निवासी आहेत, त्यांतले आठ पूर्ण खिळलेले, आणि रात्री दोन मावश्या. एका माणसाची कूस बदलणं, डायपर पाहणं, लागला तर बदलणं, चादर सारखी करणं याला दोघींची दहा मिनिटं धरा. आठ जणांना ऐंशी मिनिटं. दर दोन तासांनी करायचं तर प्रत्येक फेरीत उरली चाळीस मिनिटं. त्यांत उरलेल्या बारा जणांचं लघवीला नेणं, पाणी देणं, अंधारात उठून ‘मला घरी जायचंय’ म्हणणाऱ्या आजोबांची समजूत काढणं, आणि दोघींनी स्वतः पाणी पिणं. बारा तास. कागदावर हे बसतं. प्रत्यक्षात तीन वाजता दोघीही झोपलेल्या असतात आणि त्यांना दोष द्यायला माझं मन होत नाही, कारण त्यांतली एक बहुधा दिवसपाळीही करून आलेली असते.

किती माणसं पुरेशी? 2001 मध्ये अमेरिकी सरकारसाठी झालेल्या अभ्यासाने प्रत्येक निवासीमागे दिवसाला सुमारे 4.1 तासांची शुश्रूषा हवी असं म्हटलं. सक्ती करायला 2024 उजाडलं, तेही 3.48 तासांवर तडजोड करून. आणि एप्रिल 2025 मध्ये टेक्सासमधल्या संघीय न्यायालयाने तो नियम रद्द केला. ऑस्ट्रेलियाने मात्र शाही आयोगाची चौकशी मनावर घेतली. त्या आयोगाने 2019च्या अंतरिम अहवालाला नावच ‘हेळसांड’ या अर्थाचं दिलं होतं. ऑक्टोबर 2024पासून तिथे सरासरी 215 मिनिटं सक्तीची आहेत, त्यांतली 44 नोंदणीकृत परिचारिकेची. म्हणजे दोन्ही देशांचे आकडे साडेतीन तासांच्या आसपासच येतात. आपल्या वीस जणांच्या केंद्राला हा आकडा लावला तर दिवसाला सत्तर तास, बारा तासांच्या पाळीने सहा माणसं, साप्ताहिक सुट्टी धरून सात. सातही जणांना पंधरा हजार पगार धरला तरी निवासीमागे महिन्याला सव्वापाच हजार होतात. त्यात दोन-तीन परिचारिकांचा पगार मिळवा. मग आपण दरमहा भरतो ती रक्कम समोर ठेवा आणि उरलेला पैसा भाडं, जेवण, वीज यांत किती आणि इतरत्र किती जातो, हे केंद्रचालकाला विचारा. चांगला चालक या प्रश्नाने रागावत नाही. त्याचा स्वतःचा जीव याच हिशेबात अडकलेला असतो, आणि भाडं त्याला खातंय हे तो आपणहून सांगतो.

आकड्याइतकंच महत्त्व टिकण्याला. ब्यूरोमार्फत दर आठवड्याला नवी मुलगी येत असेल तर जोशी आजोबा डाव्या कानाने ऐकत नाहीत आणि पाटील आजींना गरम भात लागतो, हे तिला कोण सांगणार? अमेरिकेने 2022पासून कर्मचारी सोडून जाण्याचं प्रमाण ताऱ्यांत धरलं, ते उगाच नाही. इथे साधी युक्ती अशी की मावशींशी चालकाच्या गैरहजेरीत दोन मिनिटं बोलावं: किती वर्षं आहात, गाव कुठलं, झोपता कुठे? झोपायला धड खोली नसलेल्या बाईला आपण ‘माझ्या आईला रात्री जप’ असं म्हणत असतो.

आणि पैसा कुणाचा, हेही दर्जाच्याच प्रश्नात येतं. अमेरिकेत गुंतवणूक कंपन्यांनी विकत घेतलेल्या नर्सिंग होममध्ये अल्पकाळासाठी आलेल्या रुग्णांचा मृत्युदर सुमारे एक दशांशाने वाढला, परिचारिकांचे तास घटले, असं अर्थतज्ज्ञांच्या 2021च्या अभ्यासात निघालं. आपल्याकडे या क्षेत्रात आता मोठ्या कंपन्या येत आहेत. त्यांची अग्निसुरक्षा, नोंदी, प्रशिक्षण बंगल्यातल्या केंद्रापेक्षा सरस असण्याचा संभव आहे, हे मान्य करायला हवं. पण स्वागतकक्षातलं ऑर्किड पाहून रात्रपाळीचा अंदाज बांधता येत नाही, ना तिथे, ना इथे.

संसर्गाबद्दल कोरोनाने जे शिकवलं ते थोडक्यात. भिवंडी तालुक्यातल्या सोरगावच्या वृद्धाश्रमात नोव्हेंबर 2021 मध्ये साठहून अधिक जण बाधित निघाले, बहुतेकांचं लसीकरण झालेलं असूनही. एका छपराखाली राहणाऱ्या म्हाताऱ्यांत आजार असाच पसरतो. हात धुवायची जागा प्रत्येक खोलीत आहे का, जखमेचा आणि डायपरचा कचरा घंटागाडीत जातो की जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं.

कराराचा कागद लोक वाचत नाहीत. त्यात निदान तीन गोष्टी शोधाव्यात: प्रकृती बिघडली तर कोण कोणत्या रुग्णालयात नेणार आणि पैसे कोण भरणार, दर कधी वाढतो, आणि कोणत्या कारणाने काढून टाकता येतं. तिसऱ्या कलमात ‘सांभाळणं शक्य नसल्यास’ एवढंच लिहिलं असेल, तर तक्रार करणाऱ्या मुलीच्या आईला सांभाळणं सर्वांत आधी अशक्य होतं. नातेवाईक गप्प बसतात ते याच भीतीने. भेटीच्या वेळा बांधून देणारं, संध्याकाळी सातनंतर कुणालाच आत न सोडणारं केंद्र मी टाळीन, मग ते कोणतंही कारण देत असलं तरी.

हे सगळं करायला कुणी तरी यावं लागतं. ज्यांना कुणी भेटायलाच येत नाही, ज्यांचा मुलगा महिन्याला पैसे पाठवतो आणि फोनवर ‘बरी आहे ना?’ विचारतो, त्यांचं काय? अमेरिकेत यासाठी प्रत्येक राज्यात लोकपालाची व्यवस्था आहे. प्रशिक्षित स्वयंसेवक, बरेचसे स्वतः निवृत्त, नर्सिंग होममध्ये कधीही जातात, निवासींशी एकांतात बोलतात, तक्रार पुढे नेतात. त्यांच्या हाती दंडाची ताकद नाही. पण दार उघडावं लागतं, कारण तसा कायदा आहे. महाराष्ट्रात नियम, निरीक्षक आणि तारे यायला किती वर्षं लागतील याचा हिशेब मांडण्यापेक्षा मला ही गोष्ट जवळची वाटते, कारण तिच्यासाठी लागणारी माणसं आपल्याकडे आधीच आहेत. फेस्कॉम या महासंघाशी जोडलेले ज्येष्ठ नागरिक संघ गल्लोगल्ली आहेत. त्यांत निवृत्त परिचारिका आहेत, हिशेब तपासणारे बँकवाले आहेत, एका नजरेत मुलाची नाडी ओळखणाऱ्या शिक्षिका आहेत. जिल्हाधिकाऱ्याने आपल्या हद्दीतल्या सगळ्या केंद्रांची यादी करून ती जाहीर करावी, आणि प्रत्येक केंद्राने संघाच्या दोन प्रतिनिधींना कोणत्याही वेळी आत सोडलं पाहिजे एवढी एकच अट घालावी. यावर केंद्रचालकांचा आक्षेप येईल की हे लोक येऊन लुडबुड करतील, चहात साखर कमी आहे म्हणून अर्ज लिहितील. लिहितीलही. पण रात्री अकराला जाऊन खोल्याखोल्यांतून फिरून येतील, आणि किती मावश्या जाग्या होत्या ते लिहितील.